डिझेलचा वास

अमेरिकेतल्या युबा सिटीच्या गुरुद्वारात व्हिसा तपासणारा साहेब न कळवता आला तेव्हा ग्रंथसाहिबांचा पाठ करण्याच्या व्हिसावर पंजाबातून आणलेले ग्यानीजी, गुरुद्वाराचे अध्यक्ष म्हणजे प्रधान असलेल्या गुरमेजसिंगांच्या पेट्रोलपंपावर राबत होते. प्रधानांनी त्यांना गाडीत कोंबून मागच्या दारानं आणलं आणि ग्रंथसाहिबांपाशी बसवलं. "त्यांना वाचायला सांगा," साहेब म्हणाला. ग्यानीजींचे हात मांडीवरून हलेनात. ते पंजाबीत पुटपुटले, "प्रधानजी, धुतले तरी डिझेलचा वास जात नाही. या हातांनी मी ग्रंथसाहिबांचं पान उलटणार नाही." "अहो, परत धाडतील तुम्हाला!" "धाडू देत." "काय म्हणतायत?" साहेबानं विचारलं. "आपले हात त्या पानाला लावायच्या लायकीचे नाहीत, पान मी उलटायचं म्हणतायत," प्रधान बोलून गेले. "वा, केवढी श्रद्धा!" साहेब भारावला. ग्यानीजी वाचू लागले. आवाज असा लागला, की साहेबाचीही मान झुकली. पान संपलं. प्रधानांनी आपला स्वच्छ हात पुढे केला. तो पानापर्यंत पोहोचेना.