निळ्या रंगाचा एक हात

"नाव काढ," पेंटर म्हणाला, आणि जावयानं अर्धा चहा तसाच ठेवून चपला घातल्या.

रविवार होता. खिडकीबाहेर तळं धुक्यात बुडालं होतं, पलीकडचा काठ दिसतच नव्हता. आईनं पेंटरच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला.

"अहो, थंडी आहे. दुपारी गेलं तर?"

"नाव काढ." त्यानं वैतागून डाव्या हातानं हवेत काहीतरी पुसल्यासारखं केलं.

"निघालोच, बाबा," जावई म्हणाला.

चाळीस वर्षं पाट्या रंगवलेला माणूस. दुकानांवरची, दवाखान्यांवरची, शाळेवरची अक्षरं त्याच्याच हातची. झटका आला तशी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तीन आठवड्यांनी हे दोनच शब्द परत आले. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "एक शब्द हवा असेल तर तोंडात दुसराच येईल. तुम्ही समजून घ्या. आणि त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका."

घरच्यांना समजून घ्यायला मिनिटभरही लागलं नाही. मागच्या दारी त्यानं स्वतः बांधलेली होडी होती. जन्मभर तो तिला होडीच म्हणत आला होता. आता तो शब्द सापडत नसेल, म्हणून नाव. एवढं साधं होतं ते.

मग दर रविवारी होडी. जावई बँकेत कारकून. त्यानं वल्ही मारली की होडी स्वतःभोवतीच फिरायची. "ऑफिसातल्यासारखंच चाललंय," त्याची बायको, धाकटी, म्हणायची. "घाम गाळायचा आणि जागच्या जागी राहायचं." जावई हसायचा आणि आणखी एक गिरकी घ्यायचा.

पेंटर कायम पुढे बसायचा. पांढऱ्या होडीच्या तोंडाशी एक निळा पट्टा होता. बाहेर हात सोडून तो त्या पट्ट्यावरून बोटं फिरवत राही. "रंग तपासतायत," धाकटी म्हणे. "सवय थोडीच जाते." कधी त्याचे डोळे भरून येत. "वारा झोंबतोय," असं म्हणून आई पदरानं ते टिपून घेई.

तिचा जीव मात्र भलतीकडेच अडकला होता. शिवणयंत्राच्या खणात थोरलीचं पत्र होतं.

थोरली म्हणजे बापाची पट्टशिष्या. नऊ वर्षांची असताना दोरी न धरता सरळ रेघ मारायची. सहा वर्षांपूर्वी तिनं मशीनवर पाट्या छापणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. त्या दिवशी बापलेकीचं जे फाटलं, ते फाटलंच. घरात तो विषय बंद झाला. झटक्याचं कळल्यावर तिनं आईला लिहिलं होतं, "मी येऊ का? पण बाबा हो म्हणाले तरच. माझ्यामुळे त्यांना काही झालं, तर मला जगता येणार नाही."

आईला विचारायचं होतं. तेवढंच विचारायचं होतं. रोज सकाळी ती आभाळ बघायची आणि ठरवायची, आज हवा छान आहे, पाण्यावर त्याचं मन हलकं होईल, तेव्हा बोलू.

धुकं सरलं. उन्हाळ्यात तळं इतकं आत गेलं की होडी चिखलातून ओढत न्यावी लागली. पाण्यात ढग उतरायचे आणि त्यांच्यावरून होडी सरकायची. आईला वाटायचं, हे असंच चालू राहावं, काही विचारावंच लागू नये. मग स्वतःचीच लाज वाटायची.

पावसाळ्यात होडी पडवीत आली. तो तरीही रोज सकाळी म्हणायचा, "नाव काढ." आई छत्री उघडून दाखवायची, "अहो, बाहेर बघा तरी." तो तिच्याचकडे बघत राहायचा.

पाऊस ओसरल्यावर ते तळ्यातून निघणाऱ्या नदीनं दोन दिवस खाली गेले. काठावरच्या लहानशा विश्रामगृहात उतरले. संध्याकाळी सगळी नदी जांभळी झाली. आईनं त्याचा हात हातात घेतला, ओठ उघडले आणि म्हणाली, "चहा घेणार?"

पत्राला वर्ष झालं. उत्तर गेलं नव्हतं.

पुन्हा थंडी पडायला लागली, तेव्हा जावयानं होडी अंगणात उलटी घातली. वर्षभराच्या उन्हापावसानं रंगाचे पोपडे सुटले होते. तो पत्रीनं खरवडत होता, धाकटी नवा डबा ढवळत होती. पेंटर शेजारी खुर्चीत. त्यानं फळीवर बोटानं टकटक केलं आणि स्पष्ट म्हणाला,

"होडी."

धाकटीच्या हातातली काडी थांबली. "बाबा, काय म्हणालात?"

"होडी," तो पुन्हा म्हणाला आणि फळी थोपटली.

"सापडला शब्द!" जावई पत्री टाकून उठला. "आई, ऐकलंत ना? आता 'नाव' सुटलं एकदाचं."

पेंटरनं मान हलवली. हात लांब करून त्यानं निळ्या पट्ट्यावर बोट टेकवलं. तिथला पोपडा निघाला होता, आणि खालून पिवळ्या रंगाची एक वेलांटी डोकावत होती. त्यानं आईकडे पाहिलं.

"नाव," तो म्हणाला. "नाव काढ."

"बाबा, ती उलटी पडलीय," जावई म्हणाला. "आज कशी काढणार?"

आई जागची हलली नाही. ती पिवळी वेलांटी तिच्या ओळखीची होती. थोरलीनं नोकरी धरली, त्या दिवशी त्यानं त्या अक्षरांवर निळ्या रंगाचा एक हात मारला होता, आणि रॉकेलमध्ये ब्रश धुता धुता, मागे वळूनही न बघता म्हणाला होता, "आजपासून या घरात कुणी तिचं नाव काढायचं नाही."