सरळ रस्त्यावर

"वळणावर मी सगळ्यांना गाठते, बाबा. पण सरळ रस्ता लागला की सगळे मला मागे टाकून जातात." लेकीने हेल्मेट बाकावर आपटलं. ही तिची पाचवी शर्यत, आणि पाचही वेळा ती शेवटून दुसरी.

"एक्सलरेटर पूर्ण पिळतेस ना?"

"मला तरी तसंच वाटतं. पण ऐनवेळी हात कच खात असणार." तिने आपल्या गाडीकडे पाहिलं. अंगावर एकही कव्हर नसलेली, इंजिन उघडं टाकलेली ती दांडगी बाईक अजून तापलेली होती. "तू एकदा बघ ना. गाडीतच काही खोट नाही ना?"

मी लॅपटॉप जोडला. असली इंजिनं ट्यून करण्यात माझी हयात गेली; मला मिनिटभरही लागलं नाही.

"गाडी ठणठणीत आहे."

"म्हणजे मीच घाबरट." तिने गाडीवरचा आपला नंबर नखाने खरवडून काढला. "विकून टाक ही. आईचा जीव तरी भांड्यात पडेल."

मी मान डोलावली. मला हेच तर हवं होतं.

ती गेल्यावरही स्क्रीनवर दोन रेघा तशाच होत्या. खालची रेघ इंजिनाची, सत्तर टक्क्यांवर अडलेली. गाडी घरी आली त्याच दिवशी, काळजीपोटी, तिला न सांगता मी घातलेला तो लगाम. वरची रेघ तिच्या हाताची. ती प्रत्येक फेरीत, प्रत्येक सरळ रस्त्यावर शंभरला टेकली होती.