पुलाअलीकडचं पाळणाघर

मुलगा पुलापलीकडे राहायचा आणि तिथे पाळणाघराची फी दुप्पट होती. म्हणून त्याने लेकीला अलीकडे, बाबांच्या गल्लीतल्या पाळणाघरात घातलं.

"पाळणाघर कशाला? मी घरीच असतो की," बाबा म्हणाले.

"आई असती तर गोष्ट वेगळी होती. तुमच्याकडून रोज दूध उतू जातं, तुम्ही काय पोर सांभाळणार?"

महिन्याभराने एका दुपारी त्याचा फोन आला. "बघा बाबा, निम्म्या पैशांत पोर कशी रमलीय! याला म्हणतात अनुभवी माणसं. शिका जरा त्यांच्याकडून."



"शिकतोय रे," बाबा हळूच म्हणाले, कारण नात नुकतीच त्यांच्या खांद्यावर झोपली होती. तेवढ्या फीत दुसरं माणूस परवडेना, म्हणून पाळणाघराच्या बाईंनी दुपारपुरतं त्यांनाच कामावर ठेवलं होतं.