मुराळी गाडी

साखरबाईनं चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, त्याची घडी घातली आणि गेणूच्या हातात परत दिला.

"न्हाय करायची मी सही."

गेणूच्या हातातला चहा हातातच राहिला. दोघं भाऊ सकाळी आनंदच्या नव्या गाडीतून थोरल्या बहिणीकडं, नरसिंहपूरला आले होते ते एवढ्याच कामासाठी. त्यांच्या वडिलांची, आबांची, फियाट पुन्हा उभी राहिली होती, पण कागदोपत्री ती अजून आबांचीच होती. तिन्ही लेकरांच्या सह्या झाल्याशिवाय ती रस्त्यावर येणार नव्हती.

"आक्का, जमिनीच्या कागदावर तर तू न वाचता सही केलीस," गेणू म्हणाला. "ही नुसती गाडी हाय."

"जमीन तुमची हुती रं," साखरबाई म्हणाली. "गाडी माजी हुती. पंचमीला मला न्यायला यायची ती."

आबा होते तोवर दर नागपंचमीला लेकीला माहेरी न्यायला तेच मुराळी होऊन यायचे, एका हातानं गाडी चालवत, दुसऱ्या हातानं वाटेतल्या प्रत्येकाला रामराम घालत. आबा गेले आणि वाटणी झाली. वाटणीत गाडीही सुटली नाही. इंजिन अंथुर्ण्याला गेणूच्या कांद्याच्या वखारीत पोत्याखाली गेलं, सांगाडा बारामतीला आनंदच्या अंगणात. मागच्या सीटवर मांजरीच्या सहा पिढ्या वाढल्या. आक्काला न्यायला मात्र अकरा वर्षांत कुणी आलं नाही. लग्नाकार्यात गाठी पडायच्या, पण मुराळी आल्याशिवाय लेकीनं माहेरची पायरी कशी चढायची?

गाडी जोडली ती गेणूच्या सुनेनं. आसावरी बारामतीच्या आयटीआयत मोटार मेकॅनिकचं शिकवायची. दीड वर्ष दर रविवारी तिनं दोन्ही घरांना कामाला लावलं. पहिले सहा महिने भाऊ तिच्यामार्फतच बोलायचे. "आनंदाला सांग, पाना दे." "दादाला सांग, पाना त्याच्याच हातात आहे." इंजिन सांगाड्यात बसलं त्या दिवशी मात्र दोघं एकाच ताटात जेवले. आता गेणूची एकच हौस उरली होती. आबांसारखी एका हातानं गाडी चालवत एकदा बारामतीच्या बाजारात जायचं.

"मला त्या गाडीत बसवून माहेरी न्या," साखरबाई म्हणाली. "तितं करते सही."

"अगं, सही झाल्याबिगर गाडी रस्त्यावर यायची न्हाय."

"आन् गाडीत बसल्याबिगर सही व्हायची न्हाय."

तिनं सूप ओढलं आणि ज्वारी पाखडता पाखडता, जणू दाण्यांनाच सांगावं, तशी ओवी धरली:

"दोघं माजे भाऊराया, दोन दारी दोन गाड्या
बहिणीच्या वाटेवरी वाढल्या बाभूळझाड्या."

परतताना बावडा गाव आलं. मग गेणू म्हणाला, "मुराळी म्हणून धाकट्यानं जायचं असतं."

"दादा, बोलावणं थोरल्याच्या घरून जायचं असतं."

दोघंही अकरा वर्षं हेच म्हणत आले होते, पण आपापल्या घरात, आपापल्या बायकोला. आज ते पहिल्यांदा एकमेकांनी ऐकलं. आनंदनं गाडी कडेला घेतली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि आधी गेणूलाच हसू फुटलं. "आरं, कसली येडी माणसं आपुन!"

घरी आसावरीनं सगळं ऐकून घेतलं आणि सासऱ्याला म्हणाली, "तात्या, गाडीचं चाक रस्त्याला लागायला नको, एवढंच ना? मग नका लावू."

पंचमीच्या आदल्या दिवशी नरसिंहपुरात उसाची ट्रॉली शिरली. ट्रॉलीवर फळ्यांना दोरखंडांनी करकचून आवळलेली, ताकाच्या रंगाची फियाट. ट्रॅक्टर गेणूच्या हातात, मागून आनंदची गाडी. साखरबाई पिशवी भरून उंबऱ्यातच उभी होती. शिडी लावली, वरून आसावरीनं हात दिला, आणि अडुसष्ट वर्षांची लेक पदर सावरत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मग वाटेनं नुसती मौज. दोन्ही बाजूंना ऊस आणि उसाच्या वर डुलत चाललेली फियाट. निमगावच्या चौकात तर लोक पानाची टपरी सोडून धावत आले. "आज्जे, निघालीस कुठं एवढ्या वरनं?"

"माहेरी!" साखरबाई ओरडली, आणि तिनं भोंगा दाबला. खिडकीतून हात बाहेर काढून ती आबांसारखी ज्याला त्याला रामराम घालत होती. ट्रॅक्टरच्या धडधडीवर चढून तिचा आवाज गेणूच्या कानी आला:

"दोघं माजे भाऊराया, एक ट्रॉली, एक गाडी
बहिणीच्या वाटेवरची तोडली बाभूळझाडी."

गेणूला पुढचा रस्ता जरा धूसर दिसू लागला. त्यानं टोपीनं डोळे पुसले आणि गिअर बदलला.

अंथुर्ण्याच्या अंगणात भाकरतुकडा ओवाळून झाला, पाय धुवून झाले. आसावरीनं पाटावर कागद ठेवला. साखरबाईनं चष्मा लावला, पेन घेतलं, सावकाश 'सा' काढला आणि पेनाला टोपण लावलं.

"आक्का, पुढचं?" आनंद म्हणाला.

"पुढचं पुढल्या पंचमीला. एका सालाला एक अक्षर."

अंगणात हशा पिकला. आनंद बोटं मोजू लागला. "साखरबाई. पाच अक्षरं. म्हणजे अजून चार वर्षं गाडी ट्रॉलीवरच!"

गेणूनं एकदा फियाटकडं पाहिलं, एकदा बारामतीच्या रस्त्याकडं. मग बहिणीच्या हातातलं पेन काढून घेऊन त्यानं ते आपल्या खिशाला लावलं.

"चारच कशी, आनंदा? सरकारी कागद हाय. सही पुऱ्या नावानं लागती. दाजींचं नाव, आडनाव, समदं."