ट्रेलर तुमचाच कशावरून?

जुन्या ट्रेलरला नंबर मिळाला, तरच नवऱ्याला सामान पोचवायचं काम मिळणार होतं. म्हणून ट्रॅक्टरला जोडून ट्रेलर नोंदणी कचेरीच्या आवारात लावला आणि बाळाला कडेवर घेऊन मीच आत गेले.

"मालकीचे कागद?" साहेबांनी विचारलं.

"सासऱ्यांनी घरीच जोडलाय हो. कागद कुठून आणू?"

"मग ट्रेलर तुमचाच कशावरून? उद्या बाळही दुसऱ्याचं उचलून आणाल!"

बाळाने तेवढ्यात माझ्या खांद्यावर दूध ओकून माझी मालकी सिद्ध केली. ट्रेलर बिचारा मुका.

मी बाहेर येऊन बसले. जेवायच्या सुट्टीत साहेब तणतणत आले. त्यांची गाडी ट्रेलरमागे अडकली होती.

"ओ ताई, तुमचा ट्रेलर हलवा आधी!"

"हलवते की साहेब. तेवढं 'तुमचा' लिहून द्या."