टॅपेटची टकटक

"बंद कर, बंद कर!" अप्पा बॉनेटखालून ओरडले. "ऐकवत नाही मला ते."

लेकीने चावी फिरवली. जुनी डिझेल जीप सगळ्या अंगाने एकदा हादरली आणि गप्प झाली. त्याबरोबर मागच्या सीटवर टोपलीत झोपलेली तिची तान्ही ठमी जागी झाली आणि तिने भोकाड पसरलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागला होता तिचा."

"तो इंजिनातला टॅपेट ऐकलास? टक टक टक टक. लोकांना वाटेल, घरातला मिस्त्री मेला."

"चालतेय ना गाडी? मग कशाला उघडताय?"

"चालतेय तोवरच उघडायची, बाळा. बंद पडल्यावर काय, कोणीही उघडतं."

उद्या तिची बाळंतपणाची रजा संपत होती. ठमीला घेऊन, एकटीने, घाट चढून कामाच्या गावी जायचं होतं. अप्पांच्या हाताखालून गेल्याशिवाय गाडी काही फाटकाबाहेर पडणार नव्हती. तिला मात्र घाटाची भीती नव्हती. भीती होती ती ठमीची. ही बया पाळण्यात झोपत नसे, खांद्यावर झोपत नसे, अंगाई म्हटली तर डोळे वटारून बघे. झोपायची ती फक्त या गाडीत, इंजिन चालू असताना. घाटात मागे हिने सूर लावला, तर स्टिअरिंग सांभाळायचं की हिला?

तेल गरम होतं तोवरच अप्पांनी ते घमेल्यात उतरवून घेतलं. काळंकुट्ट, काजळासारखं. मग डिझेलचा फिल्टर बदलला आणि तिला हाक मारली. ठमीला कडेवर घेऊन ती एका हाताने छोटा पंप दाबत राहिली. पाइपात शिरलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येत होती.

"थांबले बुडबुडे?"

"नाही अजून. ढेकरा देतेय."

"देऊ दे. पोटात वारा ठेवून निजवायचं नसतं कुणाला," अप्पा म्हणाले, आणि जाता जाता तेलकट कोपराने ठमीच्या पाठीला हलकेच ढोसलं.

बेकरीवाला फाटकाशी व्हॅन थांबवून पाव देऊन गेला. अप्पांनी मान वर न करता त्याला धरलं. "तुझा टॅपेट वाजतोय रे! कानात बोळे घातलेस का?"

"वाजतोय म्हणून तर घंटी वाजवावी लागत नाही, अप्पा!"

इंजिन गार झालं तसं त्यांनी वरचं झाकण काढलं. एकेका वॉल्व्हपाशी फट मोजायची पातळ पत्ती सरकवायची, अडते न अडतेशी झाली की नट आवळायचा. जीभ दातांत धरून, श्वास रोखून. झाकण बसलं, नवं तेल पडलं.

"मार स्टार्टर."

इंजिन एका दमात सुरू झालं. खडखड नाही, टकटक नाही. नुसतं गुणगुणणं. अप्पांनी आपला चहाचा कप बॉनेटवर ठेवला. चहाचा थेंब सांडला नाही. ते दोन पावलं मागे सरकले आणि मुलीचं लग्न पार पडल्यासारखे कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

तिने ठमीला टोपलीत ठेवलं. ठमीने कान दिला. छताकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. खालचा ओठ बाहेर आला. आणि मग जे सुरू झालं त्यापुढे इंजिन ऐकूच येईना.

गल्लीतून एक चक्कर मारून झाली. दुसरी झाली. ठमी लालबुंद.

"हिला आपली गाडी ओळखू येत नाहीये, अप्पा," ती म्हणाली. हसू येत होतं आणि रडूही. "उद्या घाटात काय करू मी हिचं?"

"अगं, पण इतकं सुरेख चाललंय..." अप्पा म्हणाले.

नातीकडे बघितलं. इंजिनाकडे बघितलं. मग खिशातून पाना काढला.

"बंद कर गाडी. आणि तू तिकडे तोंड कर."

"काय करताय?"

"कुणाला सांगायचं नाही." त्यांनी झाकण परत उघडलं. पत्ती न लावता, नुसत्या अंदाजाने, एक नट केसभर सैल केला आणि झाकण बसवलं. "इंजिनाला काही होत नाही एवढ्याने. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो. मार स्टार्टर."

टक टक टक टक.

ठमीचं रडं मध्येच अडकलं. एक हुंदका आला, अंगठा तोंडात गेला. पापण्या जड झाल्या, उघडल्या, परत मिटल्या. पुढच्या सीटवर तिनेही मान मागे टेकवली, क्षणभरच म्हणून.

फाटकाशी ब्रेक करकचले. डोळे न उघडताच तिला बेकरीवाल्याचा आवाज ऐकू आला, आनंदाने फुटलेला. "अप्पा! अहो अप्पा! तुमचा टॅपेट वाजतोय! बोळे घातलेत का कानात?"

मग अप्पांच्या चपलांची धावपळ, आणि दबलेला आवाज. "हळू बोल रे गाढवा. दोघी झोपल्यात."

चपला सावकाश परत आल्या, गाडीशी थांबल्या. नंतर तिला फक्त एवढंच ऐकू येत राहिलं. टकटकीच्या ठेक्यावर एक रुंद तळहात बॉनेटला थोपटत होता.