पोरीच्या मागं मागं

दामिनी एसटीत चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली. तेव्हा पानठेल्याच्या आडून तेजराम निघाला. तोंडाला दुपट्टा, डोळ्याला काळा चष्मा. मुंडकं खाली घालून गर्दीत घुसला आणि थेट शेवटच्या सीटवर.

मे महिना होता. नाकाडोंगरीच्या स्टॉपवर अर्धे लोक तोंड बांधूनच उभे होते, त्यामुळं कोणी त्याच्याकडं पाहिलं नाही.

दामिनी त्याची एकुलती एक पोरगी. नागपूरच्या एका लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती. तिथल्या मॅडम रोज फोन करून विचारत, येतेस की नाही, पक्कं सांग. इकडं तेजरामचा जीव खालीवर. शेवटी त्यानं अट घातली.

"एकटी नागपूरले जाय, राहाची खोली पाह्य, अन् दिवस डुबाच्या आत एकटी वापस ये. स्पेशल गाडी कराची नाही. एसटीचंच भाडं कुठच्या कुठं गेलं. सुखरूप आली तं नोकरी, नाही तं घरी बस."

"चालते ना बाबा," दामिनी म्हणाली. वाद नाही, रडणं नाही. उलट तीन-तीनदा सांगून ठेवलं, पहिल्या गाडीनं जाईन, तुमसरला गाडी बदलीन, येताना अंधार पडू देणार नाही. सकाळी दोन डबे केले. एक तिचा, एक त्याचा. त्याचा डबा पाण्याच्या बाटलीसकट फडक्यात गच्च बांधून ठेवला. तेजरामला ते सोयीचंच पडलं. डबा काखेत मारला आणि शेतांच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं तिच्या आधी स्टॉपवर.

कंडक्टर आला. तेजरामच्या तोंडाला बायकोचा, मंदाबाईचा, गुलाबी फुलांचा दुपट्टा होता.

"कुठं बाई?"

"तुमसर."

"हाफ ना?"

तेजरामला क्षणभर मोह झाला. मग खाकरून म्हणाला, "फुल द्या."

"काहून? बायांले हाफ हाये."

"अंदर मिशा हायेत गा."

कंडक्टर हसत हसत पुढं गेला. तेजरामनं तिकीट उलटसुलट पाहिलं. मंदाबाई असताना तिकीट तीच काढे, गाडी तीच शोधे, हा पिशवी धरून मागं. दोन वर्षांखाली ती गेली, तेव्हापासून तो तुमसरच्या पुढं गेलाच नव्हता.

तुमसर स्टँडवर दामिनी उतरली आणि चौकशीच्या खिडकीशी जाऊन केवढ्यानं तरी ओरडली, "भाऊ, नागपूरची गाडी कोनत्या फलाटावर लागते?"

अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं. तेजरामनं कपाळावर हात मारला. पोट्टी एकटी हाये, हे साऱ्या दुनियेले सांगाचं काय? वरून चालतानाही धड नाही. कधी चपलेचा पट्टा नीट करते, कधी बाटली काढते. पण गाडीत मात्र शहाण्यासारखी बसली. पुढची सीट, पर्स पोटाशी, पाणी घरचं. त्याला जरा बरं वाटलं.

नागपूरला उतरल्यावर खरी पंचाईत झाली. ऑटोवाले अंगावर आले. दामिनीनं वर्दीतल्या बाईला विचारलं, पुन्हा तसंच मोठ्यानं, आणि शेअर ऑटोत बसून निघालीसुद्धा. तेजराम पळत मागच्या ऑटोत शिरला.

"ते समोरचं ऑटो दिसून राहिलं ना? त्याच्या मागं घे."

ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं. "त्याच्यात तं पोरगी हाये. तिच्या मागं काहून?"

बाजूला बसलेल्या कॉलेजच्या पोरीनं मोबाईल काढला. "तोंड कायले बांधलं काका? फोटो काढू का? पोलिसाइले पाठवतो."

"उतरवा बुढ्याले!" दुसरी म्हणाली.

तेजरामनं घाईघाईनं दुपट्टा ओढला. चष्मा मांडीवर पडला. "माही पोरगी हाये वो ते! पहिल्यांदा एकटी निघाली!"

ऑटोत सगळे खो खो हसले.

"मंग एकटी कुठं हाये काका?" ऑटोवाला म्हणाला आणि रेस दिली.

दामिनी होस्टेलमध्ये गेली ती चांगली तासभर. तेजराम समोरच्या निंबाच्या सावलीत बसला. डबा उघडला, पोळ्या खाल्ल्या, पाणी प्यायला. गाड्या इकडून तिकडं जात होत्या. नागपूर काही इतकं वाईट नव्हतं.

परतीच्या गाडीला ही गर्दी. दामिनी चढली, तेजराम मागं राहिला. गाडी सुटायला आली, पण दामिनी पायरीवरच कंडक्टरशी भांडत उभी. खिडकी लागत नाही, आधी खिडकी पाहा, म्हणून. तेवढ्यात तेजराम लोकांच्या कोपरांखालून आत घुसला. भांडखोर! अस्सल मायवर गेली, असं मनात म्हणाला आणि गालातल्या गालात हसला.

नाकाडोंगरीला उतरून तो पुन्हा धुऱ्याधुऱ्यानं पळाला. धापा टाकत खाटेवर पडला, घोरायला लागला. उन्हं कलली होती. फाटक वाजलं.

"बाबा, आली मी."

"आली का? दिसभर डोळा नाही लागला पाह्य. काही तरास?"

"काईच नाही."

तेजराम उठून बसला. आवाज भारदस्त केला. "पास झाली तू. जाय बेटा, घे नोकरी."

त्याला वाटलं, आता उडी मारेल, गळ्यात पडेल. पण दामिनी नुसती हसली आणि चहा ठेवायला आत गेली. थोड्या वेळानं आतून फोनवरचा आवाज आला.

"मॅडम, दामिनी बोलून राहिली. पक्कं झालं, सोमवारी येतो. नाही, बाबाचा होकार नव्हता अडला, माहाच अडला होता. आई गेल्यापासून बाबा एकटे कुठी निघतच नव्हते. मले भेटाले कसे येतीन, हेच कोडं होतं." ती हसली. "आज आले ना नागपूरले, अन् वापसही आले. पण दिसभर एकदाही मागं वळून नाही पाहिलं मॅडम, मान दुखून राहिली माही."